कमोड घ्यायचा तर आधी टेप घेऊन बाथरूममध्ये जा

सॅनिटरीच्या दुकानात शिरल्यावर सगळेच कमोड पांढरे, चकचकीत आणि चांगले दिसतात. काउंटरवरचा माणूस मात्र पहिला प्रश्न रंगाचा किंवा कंपनीचा विचारत नाही. तो विचारतो, "एस का पी? किती इंची?" पहिल्यांदाच घेणारी बहुतेक मंडळी इथे गडबडतात आणि घरी प्लंबरला फोन लावतात. प्लंबर दुसऱ्या साइटवर असतो, तो अंदाजाने काहीतरी सांगतो आणि त्या अंदाजावर टेम्पो भरला जातो. आवडलेला कमोड आपल्या पाइपवर बसत नाही, हे मग फरशी लागल्यावर कळतं. म्हणून सुरुवात दुकानातून नको, बाथरूममधून करा.

पाइप जमिनीत आहे की भिंतीत

मैलापाण्याचा चार इंची पाइप (बाजारात ११० मि.मी. म्हणून मिळतो तो) कुठे उघडा आहे ते बघा. तो फरशीतून वर आलेला असेल तर एस-ट्रॅप कमोड लागतो. मागच्या भिंतीतून बाहेर आलेला असेल तर पी-ट्रॅप. ही नावं कमोडच्या पोटातल्या वळणाच्या आकारावरून पडली आहेत. त्या वळणात पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली या वळणाचं पेटंट घेतलं. आजचा महागातला महाग कमोडही त्याच वळणावर चालतो. या साठलेल्या पाण्याला वॉटर सील म्हणतात आणि त्याची खोली किमान ५० मि.मी. असावी लागते.

फ्लॅटमध्ये पी-ट्रॅप सोयीचा. पाइप भिंतीतून थेट डक्टमध्ये (उभ्या पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत) जातो आणि गळती झाली तर दुरुस्ती बाहेरून होते. एस-ट्रॅपमध्ये पाइप फरशीखालच्या कोब्यातून जातो; तिथला सांधा गळला की ओल पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला दिसते, आणि विषय थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातो. तळमजल्यावर किंवा बंगल्यात, जिथे पाइप थेट चेंबरला जातो, तिथे एस-ट्रॅपला काहीच हरकत नाही.

एक सोय लक्षात ठेवा: पी-ट्रॅप कमोडला मागून प्लास्टिकचा बेंड लावून तो जमिनीतल्या पाइपला जोडता येतो. उलटं होत नाही. एस-ट्रॅप कमोड भिंतीतल्या पाइपला जोडता येत नाही.

माप घ्यायची पद्धत

एस-ट्रॅपसाठी मागच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पाइपच्या कडेपर्यंत नाही, मध्यापर्यंत. आणि भिंत म्हणजे टाइल लागून तयार झालेली भिंत. सगळ्यात जास्त चुका याच एका ठिकाणी होतात.

समजा नवीन बांधकाम आहे. विटांची भिंत उघडी आहे आणि टेप १२ इंच, म्हणजे ३०५ मि.मी. दाखवतो. प्लास्टर, टाइलखालचा माल आणि टाइल मिळून ४० मि.मी. गेले, की उरले २६५. आता ३०० मि.मी.चा कमोड आणलात तर त्याची पाठ भिंतीत ३५ मि.मी. घुसवावी लागेल. तो बसणारच नाही. बाजारात एस-ट्रॅपची नेहमीची मापं तीनच: साधारण १००, २२५ आणि ३०० मि.मी.; बोलीभाषेत ४, ९ आणि १२ इंची. म्हणजे या घरात २२५चा घ्यावा लागेल आणि मागे ४० मि.मी.ची फट राहील. ती दिसायला वाईट आणि झाडायला अवघड. भिंत उघडी असतानाच हे लक्षात आलं तर प्लंबरकडून पाइप सरकवून घेता येतो. टाइल लागल्यावर फट तरी सहन करा, नाहीतर फरशी तरी फोडा. मधला मार्ग म्हणून सरकवलेल्या तोंडाचे कनेक्टर मिळतात, पण त्यात मैला जायची वाट वाकडी होते आणि चोकअप तिथेच होतो.

पी-ट्रॅपसाठी तयार फरशीपासून पाइपच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. जमिनीवर बसणाऱ्या कमोडला ती बहुधा १८० ते १८५ मि.मी. लागते. भिंतीवर टांगायच्या कमोडला साधारण २२० मि.मी.च्या आसपास. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून दुकानातून त्या मॉडेलचं ड्रॉइंग मागून घ्या. प्रत्येक चांगली कंपनी ते देते, वेबसाइटवरही असतं. ड्रॉइंग मिळत नसलेला कमोड घेऊ नका.

आता जागेचं माप. कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच हवेत, नाहीतर कोपर भिंतीला लागतं. पुढे किमान २१ इंच मोकळे हवेत. दार आत उघडत असेल तर त्याची कड कमोडला घासणार नाही ना, हे फरशीवर खडूने आखून बघा. वन-पीस कमोडची लांबी ६५० ते ७२० मि.मी.पर्यंत जाते, टांगायचा कमोड भिंतीपासून ५०० ते ५५० मि.मी. पुढे येतो. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये या दीड-दोनशे मिलिमीटरचा फरक चांगलाच जाणवतो. मात्र टांगायच्या कमोडची टाकी भिंतीत लपवायला भिंतच चार-सहा इंच पुढे घ्यावी लागली, तर वाचलेली जागा तिथेच परत जाते. दुकानदार हे सहसा आपण होऊन सांगत नाही.

जमिनीवरचा की भिंतीवरचा

जमिनीवर बसणाऱ्यांत दोन प्रकार. टाकी वेगळी भिंतीवर लावलेला साधा कमोड, आणि टाकी कमोडलाच जोडलेला. दुसऱ्यात पुन्हा टू-पीस (टाकी बोल्टने बसवलेली) आणि वन-पीस (एकाच साच्यातला). टू-पीसमध्ये टाकी आणि कमोडच्या मधला रबराचा वॉशर काही वर्षांनी गळतो, पण तो बदलणं सोपं आणि स्वस्त. वन-पीसला तो सांधाच नाही, सफाईला बरा. पण वजन ३५-४० किलोच्या पुढे जातं आणि टाकी फुटली तर अख्खा कमोड बदलावा लागतो. साधा कमोड आणि प्लास्टिकची टाकी ही जोडी दिसायला गरीब वाटली तरी दुरुस्तीला सगळ्यात सोपी. भाड्याच्या घराला, गावाकडच्या घराला किंवा गॅरेजमागच्या संडासाला तीच घ्यावी.

भिंतीवर टांगलेला कमोड, दुकानाच्या भाषेत वॉल-हंग, खालची फरशी मोकळी ठेवतो. पुसायला बरं पडतं. पण त्याचा सगळा भार भिंतीवर. नऊ इंची विटांच्या भिंतीत तो निर्धास्त बसतो. चार इंची भिंतीत, पोकळ ब्लॉकमध्ये किंवा वजनाला हलक्या ब्लॉकमध्ये नुसते बोल्ट ठोकून टांगला तर वर्ष-दोन वर्षांत हलायला लागतो. अशा भिंतीसाठी लोखंडी फ्रेम मिळते. ती खाली स्लॅबला बोल्टने बसते आणि भार जमिनीत उतरवते. चांगल्या फ्रेमची ताकद ४०० किलोपर्यंत तपासलेली असते. फ्रेमसह टाकीचा खर्च कधीकधी कमोडपेक्षा जास्त होतो, म्हणून बजेट काढताना नुसत्या कमोडच्या किमतीवर जाऊ नका. कमोड, टाकी, बटणाची प्लेट, सीट, अँगल कॉक (भिंतीतून टाकीला पाणी देणारा छोटा नळ), जेट (धुण्याचा फवारा) आणि कनेक्शन पाइप असा सगळा सेट एकाच कागदावर लिहून घ्या. "कमोड स्वस्तात मिळाला" म्हणणाऱ्यांना सीट वेगळी घ्यावी लागली होती, असं बऱ्याचदा निघतं.

लपवलेल्या टाकीबद्दल आणखी एक. एकदा टाइल लागली की आत जायचा रस्ता फक्त बटणाच्या प्लेटमागचा चौकोन. वॉशर, फिल व्हॉल्व्ह (टाकीत पाणी भरणारा), सगळं तिथूनच बदलायचं. म्हणून टाकी अशाच कंपनीची घ्या जिचे सुटे भाग तुमच्या तालुक्याच्या गावात मिळतात. नाशिकमध्ये मिळणारा वॉशर निफाडला मिळेलच असं नाही. आणि टाइल लावण्याआधी टाकी भरून पूर्ण २४ तास तशीच ठेवा. सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा. तो ओला झाला तर आत्ताच कळू दे.

दुकानात माल कसा पारखायचा

चांगला कमोड विट्रियस चायनाचा असतो. ही माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ मिळून सुमारे १२०० अंशांवर भाजली जाते आणि काचेसारखी घट्ट होते, पाणी शोषत नाही. भारतीय मानक आयएस २५५६ मध्ये तिने पाणी शोषण्याची मर्यादा ०.५ टक्के आहे. भट्टी कमी लागली किंवा माल हलका असला की अंगात पाणी मुरतं, वरच्या काचेच्या थराला बारीक केसांसारख्या भेगा जातात आणि त्या भेगांत पिवळेपणा बसतो. तो मग कुठल्याच ॲसिडने जात नाही. देशातला सॅनिटरीचा खूप माल गुजरातच्या मोरबी आणि थानगढ भागातून येतो. तिथे उत्तमही बनतं आणि हलकंही. त्यामुळे नुसतं गावाचं नाव ऐकून फसू नका, बॉक्सवर आयएसआयची खूण आणि क्रमांक बघा.

मग बॉक्स उघडायला लावा. डिस्प्लेवरचा पाहून पॅक बॉक्स घेऊन जायचं नाही. तुमच्या घरी जाणाराच नग समोर हवा.

नाण्याने किंवा चावीने हलकेच चारी बाजूंनी टिचकी मारा. धड भांडं खणखणीत वाजतं. कुठे भद्द आवाज आला तर आत तडा आहे, वरून दिसत नसला तरी. मडकं घेताना आपण हेच करतो.

सपाट टाइलवर ठेवून कोपरे दाबा. डगमगला तर तळ वाकलेला आहे. भट्टीत थोडा वाक येतोच, पण हाताला जाणवेल इतका डगमगता नग परत करा. असा नग बोल्ट आवळताना तडकतो.

मोबाइलची टॉर्च मागच्या तोंडातून आत मारा आणि बोट घालून वळणाची आतली बाजू चाचपा. तिथेही काच चढवलेली, गुळगुळीत हवी. बाहेरून आरसा आणि आत खरखरीत वीट असा माल मिळतो. तिथे मैला चिकटतो आणि आठवड्याला चोकअप. किंमत कमी ठेवण्यासाठी पहिली काटछाट याच न दिसणाऱ्या जागी होते.

शेवटी वरच्या काठावर सीट ठेवून बघा, चारी बाजूंनी सारखी टेकते का. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. लावलेला माल परत घेत नाहीत.

रंगाचं म्हणाल तर पांढरा. रंगीत मॉडेल दोन-चार वर्षांत बंद होतात आणि मग जुळणारी सीट मिळत नाही. मॅट काळा फोटोत भारी दिसतो, पण बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ त्यावर पहिल्याच महिन्यात उठून दिसतात.

फ्लश: आवाजापेक्षा वाट महत्त्वाची

फ्लशची नावं अनेक असली तरी मूळ प्रकार दोनच. वॉशडाऊनमध्ये पाणी वरून जोरात येतं आणि मैला ढकलून नेतं. वाट रुंद, म्हणून चोकअप कमी. आवाज थोडा जास्त, आणि भांड्यात पाण्याचा पृष्ठभाग छोटा असल्याने कधीकधी डाग राहतात. सायफॉनिकमध्ये लांब वळणात पाणी भरून ओढ तयार होते आणि सगळं खेचलं जातं. आवाज कमी, भांडं स्वच्छ राहतं. पण वाट साधारण दोन इंचांची. पाणी कमी पडलं, कोणी वाइप्स किंवा सॅनिटरी पॅड टाकलं, की अडकलंच. एकत्र कुटुंब, लहान मुलं, येणंजाणं असलेल्या घरात वॉशडाऊन घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सायफॉनिक हवाच असेल तर मास्टर बेडरूममध्ये.

रिमलेस म्हणजे काठाखालची बंद पन्हळ काढून टाकलेला. त्या पन्हळीत घाण आणि क्षार साठतात, ब्रश पोहोचत नाही. म्हणून रिमलेस खरोखरच साफ ठेवायला सोपा. मात्र स्वस्तातल्या रिमलेसमध्ये पाण्याचा झोत नीट वळवलेला नसतो आणि फ्लश केल्यावर सीटवर शिंतोडे येतात. दुकानात पाणी जोडलेला नमुना असेल तर फ्लश करून बघितल्याशिवाय रिमलेस घेऊ नये.

टाकी दोन बटणांची घ्या. नेहमीचं माप ३ आणि ६ लिटर. हिशेब असा: चार माणसांचं घर, प्रत्येकाचे दिवसातून एक मोठा आणि चार छोटे फ्लश. एका माणसाचे ६ अधिक १२, म्हणजे १८ लिटर, चौघांचे ७२. जुनी १० लिटरची एका बटणाची टाकी असेल तर तेच २०० लिटर. रोजचा १२८ लिटरचा फरक, म्हणजे २० लिटरच्या सहा बादल्यांहून जास्त. टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही.

२ आणि ४ लिटरचेही कमोड मिळतात. त्यांचं भांडं तेवढ्या पाण्यासाठीच घडवलेलं असतं. जुन्या कमोडच्या टाकीत बाटली ठेवून किंवा फ्लोट खाली करून पाणी कमी करू नका. भांडं साफ होत नाही आणि मग लोक दोनदा फ्लश करतात. आडवा पाइप लांब आणि उतार कमी असेल तर ४ लिटरमध्ये मैला वाटेतच बसतो. आडव्या पाइपला निदान ४० फुटांना एक फूट उतार आहे का ते प्लंबरला विचारा. नक्की सांगता येत नसेल तर ६ लिटरचाच घ्या.

पाण्याचा दाब आणि क्षार

वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी तुमच्या नळाच्या किती वर आहे ते बघा. दर १० मीटरला साधारण एक किलो (दर चौरस सें.मी.वर) दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन-तीन मीटरच उंची असते, म्हणजे पाव किलोच्या आसपास. टाकीच्या कमोडला एवढा पुरतो, फक्त टाकी भरायला वेळ लागतो. भिंतीत बसवायचा नुसता फ्लश व्हॉल्व्ह, ज्याला टाकीच नसते, तो मात्र तिथे चालत नाही. त्याला साधारण एक किलो दाब आणि सव्वा इंची स्वतंत्र पाइप लागतो. अर्ध्या इंची लाइनवर तो लावून दिलेली घरं आहेत. तिथे फ्लश केला की नुसती सूं-सूं होते.

दाब मोजायला यंत्र नको. जिथे अँगल कॉक येणार तिथल्या नळाखाली एक लिटरची बाटली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. २० सेकंदांत भरली तर ६ लिटरची टाकी दोन मिनिटांत भरेल, ठीक आहे. मिनिटभर लागत असेल तर टाकीला सहा मिनिटं. सकाळच्या घाईत दुसऱ्याला थांबावं लागेल.

बोअरचं पाणी असेल, तर क्षारामुळे दोन गोष्टी आधी बिघडतात: फिल व्हॉल्व्हची जाळी आणि काठाखालची पाण्याची भोकं. जाळी दर तीन-चार महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा. भोकं असलेल्या कमोडपेक्षा इथेही रिमलेस बरा. जेट आणि अँगल कॉक पितळी घ्या. प्लास्टिकचा अँगल कॉक क्षाराने जाम होतो, कोणीतरी पान्याने पिळतो, आणि भिंतीतला सांधाच तुटतो.

उंची, सीट आणि इंडियनचा प्रश्न

नेहमीच्या कमोडची सीटसह उंची ४०० मि.मी.च्या आसपास असते. घरात गुडघेदुखीची माणसं असतील तर ४३० ते ४५० मि.मी.चा बघा. खुर्चीवर बसवून त्यांच्या गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत मोजा. तेवढी उंची बरोबर. फार उंच घेतला की बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात, जोर करता येत नाही. टांगायच्या कमोडची उंची आपल्याला ठरवता येते, हा त्याचा खरा फायदा. पण ती तयार फरशीपासून धरायची, कोब्यापासून नाही. हातकडी, म्हणजे आधाराचा स्टीलचा दांडा, सीटपासून आठ-दहा इंच वर येतो. तो कुठे येणार हे टाइल लावण्याआधी ठरवा. लपवलेल्या टाकीच्या भिंतीत नंतर ड्रिल मारायचं धाडस करू नका.

सीट पॉलीप्रॉपिलीनची स्वस्त आणि लवचिक. युरियाची (पॅकेटवर यूएफ लिहिलेली) जड, चिनी मातीसारखी दिसणारी, ओरखडे कमी. हळू बंद होणारी घेतली तर घरातल्या सगळ्यांना सांगा: ती हाताने दाबून बंद करायची नाही, आतला डँपर तुटतो. सीटचा आकार कमोडप्रमाणेच हवा, डी, यू की अंडाकृती. आणि बिजागरीचे बोल्ट वरून कसता येणारे हवेत. टांगायच्या कमोडला खालून हातच पोहोचत नाही.

इंडियन की वेस्टर्न यावर घराघरात वाद होतात. दोन संडास असतील तर एक इंडियन ठेवा, वाद मिटतो. ओरिसा पॅन (पाय ठेवायची जागा जोडलेलं इंडियन भांडं) ५८० मि.मी. लांबीचा घेतला तर मोठ्यांना पुरतो. दोन्हींसाठी एकच म्हणून मिळणारा अँग्लो-इंडियन मात्र टाळा. उकिडवं बसायला तो उंच, पाय ठेवायची जागा ओली आणि निसरडी. घसरून पडायला उत्तम.

बसवताना समोर उभे राहा

बरेच प्लंबर जमिनीवरच्या कमोडच्या पोकळ तळात सिमेंटचा माल ठासून भरतात. "हलणार नाही साहेब." हलत नाही हे खरं, पण पुढे काढायचा म्हटलं तर फोडूनच काढावा लागतो, आणि माल घट्ट होताना पडणाऱ्या ताणाने तळाला तडा जाऊ शकतो. योग्य पद्धत वेगळी आहे.

कमोड जागेवर ठेवून भोकांच्या खुणा करा, उचलून बाजूला ठेवा, ड्रिल मारून रॅग बोल्ट बसवा. भोकं मारताना खाली पाइप नाही ना हे आधी पक्कं करा. पाइपचं तोंड टाइलच्या पातळीला सरळ कापलेलं हवं; खाली राहिलं तर कनेक्टर नीट बसत नाही आणि पाणी फरशीखाली उतरतं. कमोडच्या तोंडाला रबरी पॅन कनेक्टर लावा, सरळ खाली दाबा, लेव्हल पट्टी दोन्ही दिशांनी ठेवा. बोल्टला प्लास्टिकचा वॉशर हवाच. आळीपाळीने थोडे थोडे आवळा. हाताला घट्ट लागला की अर्धा आटा आणखी, बस. शेवटी कडेने व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉनची बारीक पट्टी. मागच्या बाजूला दोन इंच जागा मुद्दाम उघडी सोडा. सांधा गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल. चारी बाजूंनी बंद केलात तर ते आधी शेजाऱ्यांना दिसेल.

जेटसाठी टू-इन-वन अँगल कॉक घ्या, म्हणजे टाकी आणि जेट वेगवेगळे बंद करता येतात. जेटचा पाइप कायम दाबाखाली राहिला की केव्हातरी फुटतो, आणि नेमका गावाला गेल्यावर. रात्री आणि बाहेर जाताना कॉक बंद.

प्लंबरचे पैसे द्यायच्या आधी

सिलिकॉन किंवा सिमेंट सुकायला २४ तास द्या, मग तपासा.

काठाखाली भांड्याच्या आतून लाकडाचा बारीक भुसा भुरभुरवा आणि मोठा फ्लश करा. जिथे भुसा तसाच राहिला तिथे पाणी पोहोचत नाही. टिश्यूचे सात-आठ गोळे टाकून पुन्हा फ्लश करा. एकाच फ्लशमध्ये गेले पाहिजेत. फ्लश होताना बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून (फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालून) बुडबुड आवाज आला तर पाइपला हवा कमी मिळते आहे. उभ्या पाइपचं व्हेंट (हवेसाठीचं वरचं तोंड) गच्चीवर उघडं आहे का ते बघून घ्या. व्हेंट बंद असेल तर वरच्या मजल्याचा फ्लश तुमच्या कमोडमधलं पाणी ओढून नेतो आणि वास सुटतो. लोक मग फिनाईल ओततात. वास जात नाही, कारण तो सीलमधून येतो, घाणीतून नाही.

रात्री झोपताना टाकीत चमचाभर नीळ टाका आणि फ्लश करू नका. सकाळी भांड्यातलं पाणी निळसर दिसलं तर टाकीच्या तळातला वॉशर बसत नाही. बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही, आवाजही करत नाही, पण टाकी दिवसभर भरत राहते. नवीन टाकीत याचं कारण बहुधा वॉशरखाली अडकलेला वाळूचा कण किंवा पाइपातला टेफ्लॉनचा तुकडा असतो. म्हणून टाकी जोडण्याआधी लाइन मिनिटभर बादलीत सोडून धुऊन घ्यावी.

साफसफाईसाठी ॲसिडचा क्लीनर फक्त भांड्यात, दहा मिनिटांसाठी. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या नकोत. त्या वॉशरचं रबर खातात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच टाकू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि बाथरूम छोटं असतं. सेप्टिक टँक असेल तर फिनाईल आणि ॲसिड दोन्ही बेताने, कारण टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू त्यानेच मरतात.

बॉक्सवरचं मॉडेल नंबरचं स्टिकर कापून बिलाला टाचून ठेवा. भांड्याची वॉरंटी बहुधा १० वर्षांची असते, टाकीच्या आतल्या भागांची त्याहून बरीच कमी. पाच वर्षांनी सीट किंवा वॉशर बदलायला जाल तेव्हा काउंटरवरचा माणूस पुन्हा विचारेल, "मॉडेल कुठलं?"